परवलीच्या शब्दाचा पूर्वेतिहास

कुरुक्षेत्रावर उभय सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हा त्यांच्या भाषेत, पोशाखात, शस्त्रांत आणि पुष्कळ अंशी रक्तातही भेद नव्हता. म्हणून युद्धास तोंड लागण्यापूर्वी धर्मराजाने आपल्या सैनिकांकरिता नाना प्रकारचे संकेतशब्द ठरवून दिले व जो ते उच्चारील तो पांडवांकडील समजावा असा नियम केला, असे भीष्मपर्वाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. दुर्योधनानेही आपल्या बाजूस तशीच तजवीज केली. ते शब्द कोणते होते हे मात्र तेथे आलेले नाही. परवलीचा शब्द ग्रंथात लिहून ठेवणे व्यासांसही प्रशस्त वाटले नसावे.

या शब्दापासून मनुष्याने सर्वकाळ दोन गोष्टींची अपेक्षा केली आहे: तो परक्यास सुचू नये आणि आपल्यास विसरू नये. या दोन अपेक्षा एकमेकींच्या वैरिणी आहेत असे आज सर्रास मानले जाते, आणि संगणकापुढे बसून आपलाच शब्द तिसऱ्यांदा चुकविणाऱ्या गृहस्थास ते पटवून देण्याची गरजही पडत नाही. मला मात्र या शिरस्त्याचा इतिहास चाळताना वाटत आले आहे की भांडण त्या दोन गुणांचे नाही. शब्द आपण कोठून उचलतो आणि तो किती दिवस जगवतो, याचे आहे.

या विषयावरील सर्वांत जुना व्यवहारी उपदेश ग्रीक भाषेत सापडतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ईनियास नावाच्या युद्धशास्त्रज्ञाने वेढा पडलेल्या नगराचे रक्षण कसे करावे यावर एक ग्रंथ लिहिला, व त्यात परवलीच्या शब्दांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. शब्द स्मरणास सुलभ असावा आणि हाती घेतलेल्या कामाशी त्याचा काही संबंध असावा, हे त्याचे पहिले सांगणे: कपटाने चाल करून जावयाचे असेल तर धूर्त हर्मीसचे नाव घ्यावे, बळाने जावयाचे तर हेराक्लीसचे, आणि उघड मोहीम असेल तर सूर्य-चंद्रांचे. दुसरे सांगणे अधिक मार्मिक आहे. सैन्यात निरनिराळ्या नगरांचे लोक एकत्र आले असतील, तर ज्या वस्तूस दोन नावे आहेत अशी वस्तू शब्दासाठी निवडू नये. कारण ऐकलेला अर्थ मनुष्याच्या ध्यानात राहतो, अक्षरे राहत नाहीत, आणि अंधारात पहारेकऱ्याने विचारल्यावर तो त्याच देवाचे दुसरे नाव सांगून मोकळा होतो. ज्यांनी कधी माणसांच्या विसरभोळेपणाचा अभ्यास केला असेल त्यांस हे निरीक्षण किती खोल आहे ते कळेल. मनुष्य शब्द पूर्णपणे क्वचितच विसरतो. तो त्याच्या शेजारचा शब्द आठवतो. अलिबाबाच्या कथेतील कासीम गुहेत अडकला तेव्हा त्यास धान्याचे नाव हवे एवढे आठवत होते, तीळ तेवढा आठवत नव्हता.

याच ग्रंथात इफिक्रातीस या अथेनियन सेनापतीची एक युक्ती नमूद आहे. त्याच्या मते गस्तवाला आणि पहारेकरी यांनी एकच शब्द बोलू नये. एकाने झ्यूसचे नाव घेऊन विचारावे व दुसऱ्याने पोसायडनच्या नावाने उत्तर द्यावे, जेणेकरून प्रश्न कानावर पडलेल्या हेरास उत्तर ठाऊक होणार नाही. जोडीला हातातील भाला दुसऱ्या हाती घेणे, टोपी काढणे, घसा खाकरणे असे मूक संकेतही असावेत. ही सावधगिरी किती आवश्यक होती ते ख्रिस्तपूर्व ४१३ मध्ये सिराक्यूज नगराच्या डोंगरपठारावर दिसून आले होते. रात्रीच्या लढाईत अथेनियन सैन्याची पांगापांग झाली, समोरचा आपला की परका हे कळेना, आणि जो तो मोठ्याने परवलीचा शब्द विचारू लागला. थोड्याच वेळात तो शब्द शत्रूस पाठ झाला. पुढे शत्रूची एखादी दुबळी तुकडी सापडली तर ती तोच शब्द सांगून निसटे, आणि अथेनियनांस शत्रूचा शब्द ठाऊक नसल्यामुळे ते मारले जात, असे थ्युसिडिडीजने लिहून ठेवले आहे. शब्द अवघड होता की सोपा हा प्रश्नच तेथे उरला नाही. तो फार वेळा उच्चारला गेला.

रोमन लोकांनी या कामी प्रतिभा दाखविली नाही, बंदोबस्त दाखविला. पॉलिबियसच्या वर्णनानुसार छावणीच्या टोकाशी असलेल्या तुकडीतील एक मनुष्य पहाऱ्यातून मुक्त ठेवलेला असे. तो रोज सूर्यास्ताच्या वेळी अधिकाऱ्याच्या तंबूपाशी जाई, तेथून त्या रात्रीचा शब्द कोरलेली लाकडी पट्टी घेई, आणि साक्षीदारांदेखत ती शेजारच्या तुकडीच्या नायकाच्या हवाली करी. अशा रीतीने तुकडीमागून तुकडी करीत ती पट्टी अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याच्या हाती परत आली पाहिजे, असा सक्त हुकूम असे. एखादी पट्टी परत आली नाही तर खुणेवरून ती कोठे अडकली हे तत्काळ कळे, आणि ज्याच्यापाशी ती खोळंबली त्यास शिक्षा होई. शब्द साधे असत: फार्सालसच्या लढाईत सीझरच्या सैन्याचा शब्द विजयदात्री व्हीनस होता व पाँपीच्या सैन्याचा अजिंक्य हर्क्युलीस. दोन्ही पक्षांची दैवते जगजाहीर असताना असे शब्द ठेवणे आज आपणांस पोरकट वाटेल. परंतु तो शब्द एका रात्रीपुरता अथवा एका दिवसापुरता जन्मलेला असे, व चुकीचे नाव घेणाऱ्यास दुसरी अटकळ बांधण्याची मुभा पहारेकऱ्याचा भाला देत नसे. अल्पायुषी शब्दास दुर्बलता परवडते. पुढील काळात लोक हे विसरले, आणि रात्रीच्या शब्दाची प्रकृती असलेले शब्द त्यांनी वर्षानुवर्षे वापरावयास घेतले. (शब्द निवडण्याचा अधिकार सम्राटाकडे गेल्यावर त्याचा एक वेगळाच धोकाही उघडकीस आला. कॅलिग्युला हा आपल्या अंगरक्षक दलातील कॅसियस कीरिया नामक अधिकाऱ्यास त्याच्या बायकी आवाजाची थट्टा म्हणून मुद्दाम शृंगारिक शब्द देई व ते त्यास सहकाऱ्यांपुढे उच्चारावे लागत; इ. स. ४१ च्या जानेवारीत सम्राटावर पडलेल्या पहिल्या घावांत कीरियाचा हात होता.)

आपल्याकडे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज पुण्यात शाइस्तेखानाच्या छावणीत शिरले, तेव्हा चौकीवर हटकणाऱ्यांस, आम्ही बादशाही फौजेतील दक्षिणी शिपाई असून नेमल्या जागी पहाऱ्यास जात आहोत, असे उत्तर देण्यात आले, असे जदुनाथ सरकार सांगतात. मोगलांच्या चाकरीत मराठे सरदार व त्यांचे लोक मुबलक असल्यामुळे हे उत्तर खपून गेले. जेथे परवलीच्या शब्दाऐवजी तोंडवळा, भाषा आणि आत्मविश्वास यांवर ओळख पटते तेथे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको.

सैन्याच्या शब्दाहून निराळी अशी आणखी एक परंपरा आहे, ती दोघांतील स्मृतीची. अशोकवनात हनुमंताने रामनामांकित मुद्रिका दाखविली, आणि परतताना सीतेने त्यास चूडामणी दिला; पण तेवढ्यावर ती थांबली नाही. चित्रकूटावर एका कावळ्याने तिला त्रास दिला असता रामाने काय केले, ती कथा तिने खूण म्हणून सांगितली, कारण वस्तू चोरीस जाऊ शकते व एकांतातील प्रसंग चोरता येत नाही. ओळख पटविण्यासाठी हातातील वस्तू आणि मनातील आठवण अशा दोहोंची जोड मागण्याची जी पद्धत हल्ली बँका मोठ्या नवलाईने सांगतात, ती सुंदरकांडात संपूर्ण आहे. आधुनिकांनी मात्र या परंपरेची फार विटंबना केली. शब्द विसरलेल्या मनुष्यास ओळख पटविण्यासाठी ते त्याच्या आईचे माहेरचे आडनाव विचारतात. आणि ज्या समाजात लग्नपत्रिकेवर मामांचे नाव ठळक अक्षरांत छापून ती पाचपन्नास घरी वाटण्याचा प्रघात आहे, त्या समाजात ही कोणती गुप्त गोष्ट झाली, हे त्या विचारणाऱ्यांसच ठाऊक.

शास्त्र या दृष्टीने गुप्त शब्दाच्या प्रश्नाकडे पाहिले गेले ते १८८३ साली. ऑगस्त केर्कहॉफ्स या पॅरिसमध्ये भाषा शिकविणाऱ्या विद्वानाने लष्करी गुप्तलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला व उत्तम पद्धतीची सहा लक्षणे सांगितली. त्यांपैकी दुसरे लक्षण, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, हे आज फार प्रसिद्ध आहे. तिसऱ्याकडे तितके लक्ष जात नाही: किल्ली, म्हणजे गुप्त मजकूर उलगडणारा शब्द, अशी असावी की ती लेखी टिपणाच्या साहाय्यावाचून कळविता यावी, ध्यानात ठेवता यावी, आणि उभयतांस वाटेल तेव्हा बदलता यावी. तारयंत्र आणि आगगाडी यांच्या युगातही हा गृहस्थ कागदावर भिस्त ठेवावयास तयार नव्हता. सुमारे साठ वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, या तिसऱ्या लक्षणाची जी परीक्षा झाली तीत मनुष्यांचे प्राण पणास लागले.

जर्मनांनी व्यापलेल्या युरोपात ब्रिटनने गुप्त कारस्थानांसाठी जे खाते उभारले होते, त्याच्या हस्तकांस बिनतारी संदेश गुप्तलिपीत घालण्यासाठी एक कविता पाठ करावयास सांगत. संदेश पाठविणाराने त्या कवितेतील पाच शब्द निवडावे, त्यांच्या अक्षरांस वर्णक्रमाने अंक द्यावे, आणि त्या अंकांच्या आधारे मजकुराची अक्षरे दोनदा उलटीपालटी करावी, अशी ती रीत होती. कागद नाही, पुस्तक नाही; झडती घेतली तरी काही सापडत नाही. केर्कहॉफ्सचे तिसरे लक्षण अक्षरशः पाळले गेले होते. १९४२ साली लिओ मार्क्स नावाचा बाविशीच्या आसपासचा तरुण या खात्याच्या गुप्तलिपी विभागात आला, व त्याने ही पद्धत तपासून कपाळास हात लावला. हा तरुण लंडनच्या चेअरिंग क्रॉस रस्त्यावरील एका ग्रंथविक्रेत्याचा मुलगा. पुस्तकांच्या मागे वडील सांकेतिक अक्षरांत किंमत लिहून ठेवीत ती त्याने बालवयातच उलगडली होती. आपल्याकडील कापडाचे व्यापारीही ठाणावर अशाच खुणेने खरेदीचा भाव लिहून ठेवतात, त्यामुळे त्या पोराची करामत आपणांस सहज समजण्यासारखी आहे.

मार्क्सचा आक्षेप सरळ होता. हस्तक ज्या कविता पाठ करीत त्या शाळेत शिकलेल्या, प्रसिद्ध कवींच्या, बायबलातील किंवा शेक्सपियरच्या असत. आणि एक संदेश फुटून पाच शब्द शत्रूच्या हाती आले की कोणतेही कवितासंग्रह चाळून त्यास संपूर्ण कविता मिळे, व त्या हस्तकाचे मागचे पुढचे सर्व संदेश एकदम उघडे पडत. जे आधीपासून सर्वांच्या ओठी आहे ते स्मरणास सुलभ असते, आणि त्याच कारणाने ते शत्रूसही सुलभ असते. मार्क्सने प्रथम स्वतः नव्या कविता रचून हस्तकांस देण्याचा उपाय केला. १९४४ साली व्हायोलेट झाबो या हस्तक स्त्रीला त्याने दिलेली कविता पुढे जगप्रसिद्ध झाली, हा दैवाचा विनोदच. कारण प्रसिद्ध नसणे हेच तिचे शस्त्र होते. पण हा उपाय अपुरा आहे हेही त्यास दिसत होते. मनात असलेली गोष्ट छळ करून वदविता येते. विसरता येत नाही हाच तेथे दोष ठरतो. म्हणून त्याने शेवटी स्मरणाचा नादच सोडला, आणि आयत्या तयार केलेल्या किल्ल्या रेशमाच्या कापडावर छापून त्या हस्तकांस दिल्या. एक वापरली की कापून जाळावी, म्हणजे पकडला गेलेला मनुष्य मारहाणीनेही ती सांगू शकणार नाही. झडतीत कागद कुरकुरतो, अस्तरात शिवलेले रेशीम हातास लागत नाही.

या प्रकरणात बडोद्याचाही एक धागा आहे. नूर इनायत खान या हस्तक स्त्रीचे वडील इनायत खान हे १८८२ साली बडोद्यास जन्मले. गायकवाडांच्या आश्रयाने तेथे गायनशाळा चालविणारे मौलाबक्ष हे त्यांचे मातामह. जातककथांचे पुस्तक लिहिणारी ही मृदू स्वभावाची तरुणी १९४३ च्या जूनमध्ये बिनतारी यंत्र घेऊन फ्रान्समध्ये उतरली, आणि आजूबाजूचे सहकारी भराभर पकडले जात असताना माघारी येण्यास नकार देऊन पॅरिसमधून संदेश पाठवीत राहिली. ऑक्टोबरात ती पकडली गेली तेव्हा पाठविलेल्या संदेशांच्या नकला तिने एका शाळकरी वहीत जपून ठेवलेल्या सापडल्या. त्यांच्या आधारे जर्मनांनी तिच्या नावाने लंडनशी बोलणे चालू ठेवले, आणि नवे हस्तक आयते त्यांच्या हाती उतरले. चौकशीत तिने स्वतः काही सांगितले नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ येथे तिला ठार करण्यात आले. हॉलंडमध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. तेथील पकडलेल्या यंत्रचालकाने, आपण शत्रूच्या कबजात आहोत हे कळावे म्हणून, संदेशात एरवी मुद्दाम करावयाची खुणेची चूक ठरल्याप्रमाणे वगळली. खूण चोख होती, स्मरणही चोख होते, पण लंडनच्या कचेरीने तिच्या गैरहजेरीची दखल घेतली नाही, आणि एकामागून एक हस्तक मृत्यूच्या दारात पाठविले. शब्दाच्या बळकटीची चर्चा करताना तो ऐकणारा जागा आहे की नाही हे पाहण्याची पद्धत नाही, ती पडली पाहिजे.

संगणकाच्या दारावर हा शब्द आला तो १९६१ च्या सुमारास, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात. एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरावयाचे, तर प्रत्येकाचे दप्तर निराळे राहावे म्हणून फर्नांडो कोर्बातो व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकास एक शब्द नेमून दिला. वर्षभरातच अ‍ॅलन शेर या विद्यार्थ्याने, आठवड्यास मिळणारे चार तास आपल्या कामास पुरत नाहीत म्हणून, सर्वांच्या शब्दांची यादी त्याच यंत्राकडून छापून घेतली व दुसऱ्यांच्या खात्यावर काम चालविले. १९६६ साली तर एका गफलतीने ती यादी दैनंदिन सूचनेच्या जागी जाऊन बसली, आणि जो जो यंत्रापुढे बसला त्यास प्रथम सर्वांचे शब्द वाचावयास मिळाले. रोमन अधिकाऱ्याची पट्टी निदान रात्रीनंतर निरुपयोगी होत असे.

यातून धडा घेऊन पुढील मंडळींनी शब्द जसाच्या तसा न ठेवता त्याचे उलट न फिरविता येणारे गणिती रूप ठेवण्यास आरंभ केला. पण यादी चोरणारा ती घरी नेऊन सवडीने अटकळी बांधू शकतो. तेथे भालाधारी पहारेकरी नसतो, आणि चुकल्यास दंड नसतो. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी प्रत्यक्ष वापरातील ३,२८९ शब्द तपासले, तेव्हा त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, एकतर फार आखूड निघाले किंवा शब्दकोशांत व नावांच्या याद्यांत सापडले. त्यानंतर नऊ वर्षांनी त्याच मॉरिसच्या मुलाने सोडलेल्या आज्ञावलीने, ४३२ शब्दांची एक यादी आणि लोकांची नावे यांच्या साहाय्यानेही कित्येक संगणकांत शिरकाव केला, व बापाच्या निबंधाचे प्रात्यक्षिक साऱ्या अमेरिकेस पाहावयास मिळाले. २००९ च्या अखेरीस एका कंपनीकडून ३ कोटी २० लाख शब्द उघडे पडले, त्यांत सुमारे २ लाख ९० हजार लोकांचा शब्द १ ते ६ हे अंक ओळीने, एवढाच होता. आपल्याकडील लोक यात कुलदैवत, मुलीचे नाव किंवा गाडीचा क्रमांक घालतात. भावना उच्च असली तरी अटकळ बांधणाऱ्यास तेवढेच सोयीचे.

सामान्य मनुष्य शब्द निवडताना जे आधीच आठवणीत आहे त्यातून उचलतो. याची उलट वाट १९९५ साली अर्नोल्ड राइनहोल्ड याने सुचविली. ७,७७६ साध्या शब्दांची यादी करावी, खेळातील फासा पाच वेळा टाकावा, जे दान पडेल त्या क्रमांकाचा शब्द घ्यावा, आणि असे पाच-सहा शब्द जुळवावे. निवडीत आपली आवडनिवड मुळीच येऊ द्यावयाची नाही. आठवण मागाहून तयार करावयाची, म्हणजे त्या असंबद्ध शब्दांची एखादी वेडीवाकडी गोष्ट रचून ती मनात बसवावयाची. पाच शब्दांच्या अशा जोडण्या किती होतात हे मोजू जाता भास्कराचार्यांच्या लीलावतीतील संख्यास्थाने अपुरी पडतात. तेथील शेवटचे स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये, आणि जोडण्या निघतात सुमारे २८४ परार्ध. यादी शत्रूच्या हाती असली तरी चालते, हे केर्कहॉफ्सचे दुसरे लक्षण. टिपणावाचून ध्यानात राहते, हे तिसरे.

आधी यदृच्छेने वा नियमाने आलेला अंक, आणि मग त्यास शब्दाचे वस्त्र, ही रीत आपल्या पूर्वजांच्या अंगवळणी पडलेली होती, गुप्ततेसाठी नव्हे तरी स्मरणासाठी. कटपयादि पद्धतीत प्रत्येक व्यंजनास अंक आहे व शब्द उजवीकडून डावीकडे वाचावयाचा; म्हणून महाभारताचे जुने नाव जय, त्यातील ज म्हणजे आठ आणि य म्हणजे एक, मिळून पर्वांची संख्या अठरा. कर्नाटक संगीतातील ७२ मेळांची नावेही अशीच आहेत. कल्याणी हा राग आधीच लोकप्रिय होता. गणिती मांडणीत त्याचा क्रमांक ६५ आला, म्हणून म आणि च ही अक्षरे पुढे जोडून त्याचे मेचकल्याणी झाले. शंकराभरणाचा क्रमांक २९, म्हणून तो धीरशंकराभरण. अंक हट्टी, त्यास कोणाची भीड नाही. शब्दाने त्याच्याशी जुळवून घ्यावयाचे. ज्या गायकास नावातील पहिले दोन वर्ण ठाऊक आहेत त्यास ७२ आकडे पाठ करावे लागत नाहीत.

२००३-०४ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील बिल बर यांनी राइनहोल्डच्या वाटेच्या नेमके उलट नियम घालून दिले: शब्दात मोठे अक्षर, अंक व चिन्ह असावे, आणि तो वेळोवेळी बदलावा. पुरेशी माहिती हाताशी नसल्याने एका जुन्या टिपणाचा आधार त्यांना घ्यावा लागला होता. ते नियम जगभरच्या कचेऱ्यांत फर्मानासारखे पसरले. २०१७ साली त्या संस्थेने ते मागे घेतले; लांबी वाढवू द्यावी, चिन्हांची सक्ती करू नये, आणि शब्द फुटल्याचा पुरावा असल्याखेरीज तो बदलण्याचा आग्रह धरू नये, असे नवे मार्गदर्शन आले, व बर यांनीही त्याच वर्षी आपल्या जुन्या उपदेशाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मूळ फर्मान रद्द झाल्याची वर्दी मात्र सर्वत्र पोहोचलेली नाही. पुष्कळ कचेऱ्यांत अजून दर तीन महिन्यांनी शब्द बदलण्याची सूचना निघते, आणि बिचारे कारकून शब्दाच्या शेवटी असलेल्या एकाचे दोन करतात, व पुढच्या तिमाहीस दोनाचे तीन.